पॉटकेट ते लोवेल : अमेरिकेतील आद्य गिरणगावे

गिरणगाव हा शब्द उच्चारताच मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे लालबाग-परळच उभे राहते. परंतु नोकरीच्या निमित्ताने ज्यांचे आयुष्य मुलखाबाहेर गेले त्या आमच्या वाचकांस दुसरीही गिरणगावे परिचित असतील. अहमदाबादची गिरणी ही महाजनांच्या घरातील पेढीसारखी वाढली. कानपूरची गिरणी लष्कराच्या तंबू-कनातींवर पोसली गेली. कोइमतूरच्या गिरण्यांस पायकाऱ्याच्या विजेने बळ दिले. कापूस तोच, चात्या आणि मागही बहुधा लँकेशायरहून आलेले. तरी एका गावाहून दुसऱ्या गावी बदली झालेल्या अधिकाऱ्यास पहिल्या महिन्यातच जाणवे की येथील मालक निराळा, मजूर निराळा आणि त्या दोघांमधील बोलणेही निराळे. आज त्यांपैकी बहुतेक भोंगे बंद पडले आहेत. पण यंत्र एक असता गावे निरनिराळी का होतात, हा प्रश्न काही त्यांच्याबरोबर मिटलेला नाही.

या प्रश्नाचा उलगडा जेथे फार स्वच्छ दिसतो असा एक प्रदेश म्हणजे अमेरिकेतील न्यू इंग्लंड. तेथे एका पिढीच्या अवधीत आणि फार तर दिवसाच्या घोडागाडीच्या अंतरात दोन गिरणव्यवस्था उभ्या राहिल्या. दोन्हींस पाणी नदीचे होते, दोन्हींचे तंत्र इंग्लंडातून चोरून आणलेले होते. आणि तरीही त्यांतून जन्मलेले समाज एकमेकांस ओळखू नयेत इतके भिन्न होते. शिवाय या कथेचा एक धागा आपल्या देशापर्यंत येऊन पोहोचतो. तो धागा आपल्याकडील इतिहासग्रंथांत क्वचितच हाती लागतो, म्हणूनही हे लिहावेसे वाटले.

सॅम्युएल स्लेटर हा डर्बीशायरमधील एका शेतकऱ्याचा मुलगा. चौदाव्या वर्षी तो बेल्पर येथील जेडेडाया स्ट्रट या गिरणीमालकाकडे उमेदवार म्हणून राहिला. हा स्ट्रट म्हणजे सूतकताईच्या यंत्राने जगप्रसिद्ध झालेल्या आर्कराइटचा भागीदार. त्या काळी इंग्लंडच्या कायद्याने कापडयंत्रे, त्यांचे नकाशे आणि ती चालविणारे कारागीर यांपैकी काहीही देशाबाहेर नेण्यास मनाई होती. स्लेटरने कागदाचा कपटाही बरोबर घेतला नाही. सगळे डोक्यात साठविले आणि १७८९ साली, एकविसाव्या वर्षी, तो न्यूयॉर्कला जाणाऱ्या जहाजात बसला. आपण शेतमजूर आहोत असे त्याने सांगितले म्हणतात. बेल्परमध्ये त्याला पुढे देशद्रोही म्हणत. अमेरिकेत त्याला उद्योगाचा जनक म्हणू लागले. एकाच कृत्याला दोन किनाऱ्यांवर दोन नावे मिळाल्याची उदाहरणे इतिहासात काही कमी नाहीत.

ऱ्होड आयलंड संस्थानातील प्रॉव्हिडन्स येथे मोझेस ब्राउन नावाचा धनिक व्यापारी कताईयंत्रांचे काही नादुरुस्त सांगाडे घेऊन बसला होता. स्लेटरने ती यंत्रे पाहिली, निकामी ठरविली आणि जवळच्या पॉटकेट गावी, ब्लॅकस्टोन नदीच्या धबधब्यापाशी, तेथील विल्किन्सन नावाच्या लोहार कुटुंबाच्या मदतीने नवी बांधली. १७९० च्या डिसेंबरात ती पाण्यावर फिरू लागली. १७९३ मध्ये गिरणीची स्वतंत्र लाकडी इमारत झाली. ती इमारत अजून उभी आहे.

पहिल्या गिरणीत कामास कोण होते? नऊ मुले. वये सात ते बारा. इंग्लंडातील कताईगिरण्यांत मुलेच असत, म्हणून स्लेटरने येथेही मुलेच घेतली. त्यात आपण काही वावगे करतो असे त्याला वाटण्याचे कारण नव्हते. पुढे मुले पुरेनाशी झाली तेव्हा तो कुटुंबेच्या कुटुंबे बोलावू लागला. ज्या घरात मुले अधिक ते घर अधिक पसंत. बाप शेतावर, बांधकामावर वा राखणीच्या कामावर, मुले चात्यांपाशी, आणि आई घरी हातमागावर. कारण स्लेटरच्या गिरण्या फक्त सूत काढीत, विणकाम दीर्घकाळ खेड्यापाड्यांतील घरांतूनच होई. अशा कुटुंबांसाठी गिरणीभोवती लहानशी वसाहत उभी राही : लाकडी घरांच्या रांगा, एक चर्च आणि कंपनीचे दुकान. १८०६-०७ च्या सुमारास वसविलेले स्लेटर्सव्हिल हे या वसाहतींचे ठळक उदाहरण. मजुरी पुष्कळदा रोख मिळतच नसे. दुकानाच्या वहीत जमा होई आणि पीठ, गूळ, कापड यांच्या रूपाने वजा होई. मुलांना लिहिणे-वाचणे यावे म्हणून स्लेटरने रविवारची शाळाही काढली होती. सहा दिवस गिरणी आणि सातव्या दिवशी शाळा, या व्यवस्थेचे कौतुक करावे की तिची कीव करावी हे आम्हांस अजून ठरविता आलेले नाही.

ही झाली ऱ्होड आयलंडची पद्धत. ती त्या भूमीतून उगवली होती. तेथील ओढे लहान आणि धबधबे जागोजाग. तेव्हा गिरण्याही लहान आणि जागोजाग. भांडवल एका घराचे वा दोन भावांचे. मालक स्वतः गिरणीत हिंडे, मजुरांना नावाने ओळखे, आणि त्यांच्या घरगुती व्यवहारातही ढवळाढवळ करी. कुटुंब हाच या व्यवस्थेचा घटक. मुलाची मजुरी बापाच्या हाती पडे. परंतु अशा घरगुती राज्यातही असंतोष होताच. १८२४ च्या उन्हाळ्यात पॉटकेटच्या मालकांनी एकत्र येऊन कामाचा दिवस वाढविला आणि मागांवरील स्त्रियांच्या मजुरीत २५ टक्के कपात केली. त्यावर त्या स्त्रिया गिरण्या सोडून बाहेर पडल्या. अमेरिकेतील गिरणीकामगारांचा पहिला संप तो हाच.

मोझेस ब्राउनविषयी एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. तो पंथाने क्वेकर होता. आपल्या गुलामांस त्याने १७७३ सालीच मुक्त केले होते, आणि गुलामीविरुद्धच्या चळवळीत तो आयुष्यभर राहिला. त्याचा सख्खा भाऊ जॉन मात्र गुलामांचा व्यापारी. दोघा भावांत या विषयावरून जाहीर वाद चाले. असा हा मोझेस ज्या गिरणीला भांडवल पुरवीत होता तिच्यात येणारा कापूस कोणी वेचलेला होता? प्रथम वेस्ट इंडीजच्या गुलामांनी आणि नंतर कॅरोलायना-जॉर्जियाच्या गुलामांनी. एली व्हिटनेचे सरकी काढण्याचे यंत्र १७९३ सालचे, म्हणजे पॉटकेटच्या इमारतीच्या वर्षीचेच. त्या यंत्राने दक्षिणेत कापसाचे पीक आणि गुलामी ही दोन्ही पसरविली. ब्राउनसारख्या सज्जनालाही आपले दोन हात एकमेकांविरुद्ध काय करीत आहेत हे पाहण्याची सवड झाली नाही, की पाहूनही इलाज दिसला नाही, हे सांगणे कठीण आहे.

आता बोस्टनकडे वळू. तेथील फ्रान्सिस कॅबट लोवेल हा स्लेटरसारखा कारागीर नव्हे; तो हार्वर्डचा पदवीधर आणि समुद्रव्यापारी. बोस्टन बंदरात इंडिया व्हार्फ नावाचा जो विशाल धक्का एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधला गेला, त्याच्या उभारणीत लोवेलचा पुढाकार होता. नावच सांगते की तेथे कोणता माल उतरे. बोस्टन आणि सेलम येथील जहाजे कलकत्त्याहून व मद्रासहून सुती कापडाच्या गाठी भरून आणीत, आणि अमेरिकेतील सामान्य शेतकऱ्याच्या अंगावर ते कापड असे. लँकेशायरचे यंत्र आपल्या विणकराचे एकेक दार बंद करीत असता हे एक दार काही काळ उघडे राहिले होते.

१८०७ च्या व्यापारबंदीने आणि १८१२ च्या युद्धाने बोस्टनकरांची जहाजे धक्क्याला लागली आणि त्यांचे भांडवल रिकामे बसले. लोवेल १८१० ते १८१२ या काळात प्रकृतीच्या कारणाने इंग्लंड-स्कॉटलंडात होता. मँचेस्टरच्या गिरण्यांत तो पाहुणा म्हणून हिंडला, यंत्रमागाचे चलन डोळ्यांनी टिपले, आणि परतल्यावर पॉल मूडी या कुशल यंत्रज्ञाच्या साह्याने तो माग पुन्हा घडविला. फेब्रुवारी १८१३ मध्ये त्याच्या कंपनीस सनद मिळाली. मंजूर भांडवल ४,००,००० डॉलर. (त्याच महिन्यात बोस्टनच्या मंडळीने पाठविलेले पहिले अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले. पुढे अहमदनगरास ज्यांनी ठाण मांडले त्या मिशनचे हे मूळ. बोस्टन एकाच वेळी आपल्याकडे धर्म पाठवीत होते आणि आपले कापड बंद करण्याची तयारी करीत होते. अर्थात या दोन्ही गोष्टींचा मेळ कोणी मुद्दाम घातला होता असे मात्र नव्हे.)

बोस्टनजवळ वॉल्थॅम येथे चार्ल्स नदीवर ही गिरणी उभी राहिली. कापसाची गाठ एका दारातून आत जावी आणि विणलेले कापड दुसऱ्या दारातून बाहेर यावे. पिंजणे, कातणे, विणणे सर्व एका छपराखाली, एकाच व्यवस्थापनाखाली, अशी ही अमेरिकेतील पहिली गिरणी. कापड साधे, रुंद, जाडेभरडे. आपण ज्यास मांजरपाट म्हणतो त्या जातीचे. हिंदुस्थानातून येणाऱ्या कापडाचीच जागा ते घेणार होते.

युद्ध संपताच परदेशी मालाचा लोट पुन्हा आला, तेव्हा लोवेल वॉशिंग्टनला गेला. १८१६ च्या जकात कायद्यात त्याने एक कलम घालविले. ते वाचण्यासारखे आहे. सुती कापडावर जकात २५ टक्के. परंतु जे कापड वारास २५ सेंटपेक्षा स्वस्त असेल त्याची किंमत २५ सेंटच आहे असे धरावे! म्हणजे कापड कितीही स्वस्त असो, वारामागे सव्वासहा सेंट जकात पडलीच. इंग्लंडच्या तलम कापडाला याची झळ थोडी. भारतातील स्वस्त, जाड्या कापडावर मात्र घाव नेमका बसला. ऱ्होड आयलंडचे सूतवाले याहून जबर जकात मागत होते. लोवेलने ती मागितली नाही, कारण त्याला तिची गरजच नव्हती. त्याने दक्षिण कॅरोलायनाच्या लाउंड्स आणि कॅलहून या पुढाऱ्यांची मने वळविली : कापूस तुमचा, माग आमचे, मग कलकत्त्याचे कापड हवे कशाला? काही वर्षांतच भारतीय कापडाची अमेरिकेतील बाजारपेठ जवळजवळ संपली. आपल्या विणकराच्या नाशाचा हिशेब मांडताना आपण मँचेस्टरच्या नावे जे खाते उघडतो, त्यात एक लहानसे पान बोस्टनच्या नावेही घालावयास हवे. सचिवालयात बसून एखाद्या अधिसूचनेच्या एका उपकलमाने किती चुली विझतात वा पेटतात याचा अनुभव असलेल्या वाचकांस याचे आश्चर्य वाटू नये.

लोवेल १८१७ मध्ये अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी वारला. त्याच्या भागीदारांनी, म्हणजे नेथन ॲपलटन, पॅट्रिक ट्रेसी जॅक्सन प्रभृतींनी, चार्ल्स नदीचे पाणी अपुरे पडू लागताच मेरिमॅक नदीकडे नजर वळविली. तेथे सुमारे ३२ फुटांचा उतार होता आणि धबधब्याला वळसा घालणारा एक जुना नौकाकालवाही होता. शेतकऱ्यांना बेत कळू न देता त्यांनी जमिनी आणि त्या कालव्याचे हक्क विकत घेतले. १८२२ मध्ये मेरिमॅक कंपनी स्थापन झाली, १८२३ मध्ये कापड निघू लागले, आणि १८२६ मध्ये त्या जागेला गावाचा दर्जा मिळून मृत लोवेलचे नाव दिले गेले. तेव्हा वस्ती सुमारे २,५००. १८५० मध्ये ती ३३,००० वर गेली होती. दहा मोठ्या कंपन्या आणि दहा हजारांवर कामगार. कालवे खणणारे आयरिश मजूर होते. ह्यू कमिस्की नावाचा मुकादम १८२२ मध्ये तीस माणसे घेऊन बोस्टनजवळच्या चार्ल्सटाउनहून पायी चालत आला. नव्या गावाच्या आखणीत या मजुरांसाठी एकही घर नव्हते. गावाबाहेरच्या पडीक जागेत त्यांनी आपल्या झोपड्या घातल्या.

लोवेलची खरी नवलाई मात्र यंत्रांत नव्हती, कामगारांत होती. बोस्टनच्या मंडळींनी मँचेस्टरची घाण आणि दैन्य डोळ्यांनी पाहिलेले होते. आपल्या प्रजासत्ताकात तसा कायमचा मजूरवर्ग जन्मास येऊ नये असे त्यांना मनापासून वाटे. शिवाय अडचणही होती : शेतावरचा पुरुष गिरणीत यावयास तयार नव्हता, कारण पश्चिमेला जमीन मुबलक होती. उरल्या शेतकऱ्यांच्या मुली. न्यू हॅम्पशायर, व्हरमाँट, मेन येथील खडकाळ शेतांवर त्यांच्या हातांना पूर्वी सूतकताईचे काम असे. ते गिरणीनेच हिरावून घेतले होते. या मुली लग्नापूर्वी दोन-चार वर्षे येऊन पैसा साठवतील आणि घरी परततील, अशी कल्पना. पंधरा ते तीस वयाच्या मुली गाड्या भरभरून येऊ लागल्या.

आईबापांचा विश्वास बसावा म्हणून कंपन्यांनी खानावळी बांधल्या. प्रत्येकीवर एक प्रौढ बाई, बहुधा विधवा. रात्री दहाला दार बंद, रविवारी चर्चला जाणे सक्तीचे, वर्तनात खोट दिसली तर नोकरी गेली. एका खोलीत चार-सहा मुली, एका खाटेवर दोघी. आमच्या गिरणगावातही रत्नागिरी-साताऱ्याहून आलेल्या एकट्या गड्यांना जेवण घालणाऱ्या बायकांच्या खाणावळी होत्या, हे येथे सहज आठवते. पण मुंबईस पुरुष आला आणि बायको गावी राहिली. लोवेलला मुलगी आली आणि बाप गावी राहिला. घरापासून दूर पहिला पगार हाती पडण्याचा जो अनुभव आपल्याकडे मुलाच्या वाट्याला आला, तो तेथे मुलीच्या वाट्याला आला. खानावळीचे सव्वा डॉलर वजा जाता आठवड्यास साधारण दीड-दोन डॉलर तिच्या हाती पडत. त्यातून कोणी बापाचे गहाण सोडवी, कोणी भावाला कॉलेजात शिकवी, आणि कोणी, हे सांगण्यास इतिहासकार उगाच लाजतात, चांगलासा झगा शिवून घेई. तो पैसा बापाच्या वहीत नव्हे, तिच्या स्वतःच्या नावाने बँकेत जमा होई. स्लेटरच्या पॉटकेटमध्ये ही गोष्ट कल्पनेबाहेरची होती.

दिवस घंटेने उजाडे आणि घंटेने मावळे. १८४५ च्या सुमारास आठवड्यास सरासरी ७३ तास काम. सुताचा धागा तुटू नये म्हणून खिडक्या बंद, हवेत कापसाचे तूस आणि मागांचा असा कल्लोळ की शेजारणीशी बोलावयाचे तर ओठांच्या हालचालीने. इतके करून रात्री या मुली व्याख्याने ऐकावयास जात, फिरत्या वाचनालयाची वर्गणी भरीत, आणि १८४० पासून पाच वर्षे त्यांनी ‘लोवेल ऑफरिंग’ नावाचे मासिक चालविले. त्यातील लेखन सगळे गिरणीतील मुलींचे. लूसी लार्कम ही पुढे कवयित्री म्हणून नावाजलेली बाई याच मंडळींतली. वडील वारल्यावर आईने लोवेलला खानावळ चालवावयास घेतली आणि अकराव्या वर्षी लूसी बॉबिने बदलण्याच्या कामाला लागली. १८४२ मध्ये चार्ल्स डिकन्स लोवेलला येऊन गेला. खानावळींतील पियानो, वाचनालय आणि ते मासिक या तीन गोष्टी आपल्या इंग्रज वाचकांस खऱ्या वाटणार नाहीत असे त्याने लिहून ठेवले. लंडनच्या काळ्या कारखान्यात लहानपणी राबलेल्या माणसाचे हे प्रशस्तिपत्र आहे, तेव्हा ते हसण्यावारी नेता येत नाही. पण डिकन्स तेथे एकच दिवस होता. तपासणीस आलेल्या पाहुण्याला एका दिवसात काय दिसते आणि काय दिसत नाही, हे दौऱ्यांची तयारी केलेल्या आमच्या वाचकांस वेगळे सांगावयास नको.

जे दिसत नव्हते ते असे. कापडाचे भाव उतरत होते : ॲपलटनच्या हिशेबाप्रमाणे वॉल्थॅमचे जे कापड १८१६ मध्ये वारास ३० सेंटला जाई, ते १८४३ मध्ये साडेसहा सेंटवर आले. नफा टिकवावयाचा तर एकेका मुलीकडे अधिक माग द्यावयाचे आणि ते अधिक वेगाने चालवावयाचे. १८३४ मध्ये मजुरीत कपात होताच मुली बाहेर पडल्या. १८३६ मध्ये खानावळीचा खर्च वाढवून तो पगारातून घेण्याचे ठरले, तेव्हा त्या पुन्हा बाहेर पडल्या. हॅरिएट हॅन्सन तेव्हा अकरा वर्षांची होती. तिच्या खोलीतील मोठ्या मुली जावे की न जावे या विचारात खोळंबल्या असता, तुम्ही या वा न या, मी निघाले, असे म्हणून ती दाराकडे वळली; मागे पाहते तो सगळी रांग निघालेली. आपल्या आयुष्यात याहून अभिमानाचा क्षण आला नाही, असे तिने म्हातारपणी, १८९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणींत सांगितले आहे. तिची विधवा आई कंपनीची खानावळ चालवीत होती. मुलीला आवरता आले नाही म्हणून कंपनीने आईला काढून टाकले.

पुढे सारा बॅगली या कामगार स्त्रीच्या नेतृत्वाखाली संघटना उभी राहिली आणि दहा तासांच्या दिवसासाठी हजारो सह्यांचे अर्ज मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळापुढे गेले. १८४५ मध्ये चौकशी समिती बसली. बॅगलीने साक्ष दिली. समितीने अहवालात कबूल केले की तास फार आहेत, हवा वाईट आहे, सुधारणा इष्ट आहे. परंतु हे काम कायद्याचे नव्हे, ते मालक-मजुरांनी आपसांत पाहावे. सरकारी अहवालांत हयात घालविलेल्या वाचकांस ही भाषा ओळखीची वाटेल. या स्त्रियांना मत नव्हते. तरी समितीचा अध्यक्ष शाउलर निवडणुकीस उभा राहिला तेव्हा त्यांनी त्याच्याविरुद्ध प्रचार केला, आणि तो पडला. दहा तासांचा कायदा मॅसॅच्युसेट्समध्ये यावयास १८७४ साल उजाडले. तोवर शेतकऱ्यांच्या मुली केव्हाच घरी परतल्या होत्या आणि त्यांच्या जागी दुष्काळाने देशोधडीस लागलेले आयरिश व पुढे फ्रेंच कॅनेडियन येऊन बसले होते. ज्या कायमच्या मजूरवर्गाची बोस्टनला भीती होती, तो बोस्टननेच निर्माण केला होता.

न्यू इंग्लंडबाहेरच्या गिरणगावांविषयी थोडक्यात सांगतो. न्यू जर्सीतील पॅटर्सन हे तर कागदावर जन्मलेले शहर. अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन याच्या प्रेरणेने १७९१ मध्ये पसेइक नदीच्या ७७ फुटी धबधब्यासाठी एक कंपनी निघाली. वॉशिंग्टन नगरीचा आराखडा करणाऱ्या लांफांला नेमले. अध्यक्ष ड्यूअर सट्ट्यात बुडून तुरुंगात गेला, लांफांचे बेत कंपनीच्या थैलीला पेलेनात, आणि १७९६ मध्ये गिरणी बंद पडली. धबधबा तेवढा राहिला. पुढच्या शतकात त्याच्या बळावर आगगाडीची इंजिने आणि रेशीम यांसाठी ते गाव नावास चढले. फिलाडेल्फियाची तऱ्हा याच्या अगदी उलट. तेथील केन्सिंग्टन भागात आयर्लंड-इंग्लंडहून आलेल्या विणकरांचे हातमाग शतकाचा मध्य उलटल्यावरही चालू होते. मोठी कंपनी नाही, खानावळ नाही, कंपनीचे दुकान नाही. एखाद्या इमारतीची एक खोली वाफेच्या शक्तीसह भाड्याने घ्यावी, चार माग टाकावे, आणि चौकडी, गालिचे, मोजे असा तऱ्हेतऱ्हेचा माल हंगाम पाहून काढावा. कालचा विणकर उद्या मालक होऊ शके, आणि परवा पुन्हा विणकर. लोवेलचे नाव सर्वांना ठाऊक, या लहान मालकांचे कोणाला नाही. परंतु मालाच्या विविधतेत लोवेल त्यांच्या जवळपासही पोहोचले नाही. स्तुतिपाठक मासिक काढणारे कोणी नसले म्हणजे असे होते.

लोवेलच्या स्थापत्याबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. पाण्याची वाटणी करणाऱ्या कंपनीचा मुख्य अभियंता जेम्स फ्रान्सिस याने १८५० मध्ये जुन्या कालव्यावर लाकडाचा एक प्रचंड दरवाजा टांगून ठेवला. नदीने कधी मर्यादा सोडली तर तो खाली टाकावयाचा. लोक त्याला ‘फ्रान्सिसचा वेडेपणा’ म्हणत. दोनच वर्षांनी, १८५२ मध्ये, पूर आला. दरवाजा टाकला गेला आणि शहर वाचले. १९३६ च्या महापुरात तो पुन्हा उपयोगी पडला. याच फ्रान्सिसने लोवेलच्या कालव्यांवर प्रयोग करून ज्या जलचक्राला पूर्णता आणली, त्या जातीची टर्बाइने आपल्याकडे भाक्रा धरणाच्या पायथ्याशी फिरत आहेत. कापडासाठी सुरू झालेली पाण्याची विद्या अशी वीजनिर्मितीच्या कामी आली.

मात्र सगळा कापूस दक्षिणेचा होता, हे या साऱ्या व्यवस्थेखालचे जोते. नुसता कापूसच नव्हे. ऱ्होड आयलंडच्या कित्येक गिरण्या मळेवाल्यांसाठी एक खरखरीत कापड मुद्दाम विणीत. ते गुलामांच्या अंगावर घालण्यासाठी जाई. लोवेलच्या जाड्या कापडालाही दक्षिणेत गिऱ्हाईक होते, इतके की तेथील गुलाम आपल्या अंगावरच्या भरड्या वस्त्राला ‘लोवेल’ या नावानेच ओळखत. गुलामाने वेचलेला कापूस उत्तरेस जावा, स्वतंत्र मुलीने तो विणावा आणि फिरून तो गुलामाच्याच पाठीवर यावा, असे हे चक्र होते. चार्ल्स समनरने १८४८ मध्ये आसूडाचे धनी आणि मागाचे धनी यांच्या युतीवर जाहीर टीका केली, तेव्हा बोस्टनच्या प्रतिष्ठित घरांची दारे त्याला बंद होऊ लागली. आम्हांस लोवेलच्या मुलींविषयी आदर आहे. त्यांच्यापैकी कित्येकींनी गुलामीविरुद्धच्या अर्जांवर सह्या केल्या होत्या. परंतु त्यांच्या पियानोचे हप्ते कोठून फिटत होते हे विसरून त्यांचा इतिहास लिहिता येत नाही.

१८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले. लोवेलच्या कंपन्यांनी, युद्ध लवकर संपेल या समजुतीने, साठ्यातील कापूस चढ्या भावाने विकून टाकला, गिरण्या बंद केल्या आणि हजारो कामगार रस्त्यावर आले. त्याच वेळी मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. खानदेश-वऱ्हाडचा कापूस लिव्हरपूलकडे धावू लागला. प्रेमचंद रायचंदच्या सट्ट्याची आणि १८६५ च्या दिवाळ्याची कथा वाचकांस ठाऊकच आहे. त्या अनुभवातून गेलेल्या जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये नागपुरास एम्प्रेस मिल सुरू केली, आणि पुढे लँकेशायर अजून जुन्याच यंत्रांना धरून बसले असता, त्यांनी तेथे ‘रिंग’ जातीच्या चात्या बसविल्या. या चातीचे पेटंट १८२८ मध्ये घेणारा जॉन थॉर्प ऱ्होड आयलंडचाच. १८१६ मध्ये ज्यांनी आपले कापड अडविले त्यांच्या शेजाऱ्याची चाती अशी विदर्भात येऊन फिरू लागली.

आणि दक्षिणेचे काय झाले? तेथेही एक अपवाद युद्धापूर्वीच होऊन गेला होता. विल्यम ग्रेगने १८४५ नंतर दक्षिण कॅरोलायनात ग्रॅनिटव्हिल वसविले, गरीब गोऱ्या कुटुंबांना घरे दिली, आणि बारा वर्षांखालील मुलांना गिरणीत न घेता शाळेत पाठविण्याची सक्ती केली; न पाठविणाऱ्या आईबापांस तो दंड करी. त्याचे अनुकरण मात्र झाले नाही. युद्धानंतर गिरण्या दक्षिणेकडे सरकू लागल्या, १९२० नंतर लोवेलची धुराडी एकेक करून थंडावली, आणि १९७८ मध्ये तेथील कालवे व गिरण्या राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान म्हणून जतन झाल्या. दक्षिणेत जी गिरणगावे उभी राहिली त्यांत लोवेलची खानावळ नव्हती, वाचनालय नव्हते. तेथे स्लेटरचीच पद्धत पुन्हा अवतरली : कंपनीचे घर, कंपनीचे दुकान, आणि संपूर्ण कुटुंब कामावर. १९०८ पासून लुईस हाइनने कॅरोलायनाच्या गिरण्यांत घेतलेली छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. चात्यांच्या रांगेपुढे उभ्या असलेल्या त्या मुलांची वये पाहावी. पॉटकेटच्या पहिल्या नऊ मुलांचीच ती वये.

१९१६ मध्ये काँग्रेसने बालमजुरीविरुद्ध कायदा केला. चौदा वर्षांखालील मुलांनी केलेला माल एका राज्यातून दुसऱ्यात जाऊ नये. चौदा ते सोळाच्या मुलांस आठच तास काम. त्याविरुद्ध जो दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तो कोणा गिरणीमालकाच्या नावाने नव्हता. उत्तर कॅरोलायनातील शार्लट येथे गिरणीत काम करणारा रोलंड डेगनहार्ट हा बाप आपल्या दोन मुलांच्या वतीने उभा राहिला होता. त्या मुलांच्या मजुरीवर आपला हक्क आहे आणि तो सरकारला हिरावता येणार नाही, असे त्याचे म्हणणे. खटल्यामागे मालकांचा पैसा होता हे खरे. पण बापाचे म्हणणे अगदीच शिकविलेले नव्हते, स्लेटरच्या वहीत ते शतकापूर्वीच लिहिलेले होते. १९१८ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी बाप जिंकला आणि कायदा रद्द झाला. तसा कायदा पुन्हा होण्यास १९३८ आणि तो न्यायालयात टिकण्यास १९४१ साल उजाडावे लागले. मध्यंतरी, निकालानंतर सहा वर्षांनी, एका पत्रकाराने त्या दोन मुलांपैकी थोरल्याला, रूबेनला, गाठले. तो आता वीस वर्षांचा, एका मुलाचा बाप, आणि अजून गिरणीतच होता. वजन अवघे शंभर-एकशे पाच पौंड. खटला जिंकून काय मिळाले असे विचारता तो म्हणाला की वकिलांच्या मोटारीत थोडे फिरावयास मिळाले. आपण हरलो असतो तर शाळा तरी झाली असती, असे त्याने पुढे सांगितले.